शांतारामकाकांच्या विमानांच्या वह्या

एखाद्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून लिहून ठेवलं, तर तो गेल्यावर ते कोणाचं?

मला खरंच माहीत नाही. महिनाभर या प्रश्नाने डोकं खाल्लंय.

आमच्या शेजारच्या शांतारामकाकांना जाऊन आज एक महिना झाला. परळच्या आमच्या चाळीत ते 'रेडिओकाका'. आधी गिरणीत वायरमन. गिरणी बंद पडल्यावर लोकांचे टीव्ही दुरुस्त करायचे.

पण जीव हॅम रेडिओत, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसमध्ये. लायसन्सवाले हॅम होते ते. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी गप्पा मारायचे. गप्पा संपल्या की दुसरा रिसिव्हर लावून विमानं ऐकत बसायचे. नेव्हीची हेलिकॉप्टर्स, एअर फोर्सची विमानं.

काकू म्हणायच्या, "चाळीस वर्सां माझा एक आयकूक नाय. त्या विमानवाल्यांचो खोकलो पण आयकतत!"

काकू खोटं बोलत नव्हत्या. काका तो खोकला वहीत लिहायचे.

शाळेच्या वह्या, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेल्या. नोंदी अशा:

"सर्दीवाला आज पुन्हा. अरे, सुट्टी घे."

"गिरगावकर खुशीत." (एका पायलटच्या इंग्लिशवरून काकांनी त्याला परस्पर गिरगावचा करून टाकला होता.)

"नवीन मुलगी. आवाज जराही हलला नाही. शाब्बास."

एवढं सांगते, कारण सर्दी हे काही लष्करी गुपित नाही. बाकीच्या पानांवर वेळा आहेत, फ्रिक्वेन्सी आहेत, आणखी बरंच आहे. ते नाही सांगणार.

आमची दोस्ती बोंबलांमुळे झाली.

गच्चीवर काकांची तांब्याची तार होती, म्हणजे अँटेना. मी बारावीत असताना कोणीतरी तिच्यावर बोंबील वाळत घातले. काका वर जाऊन ओरडले, "अरे, ही दोरी नाय! आवाजाची पार वाट लावलीत!"

खालच्या मजल्यावरून उत्तर आलं, "काका, पायलटला वास येतोय काय?"

मी हसत हसत बोंबील काढू लागले. काकांनी बक्षीस म्हणून घरी नेऊन हेडफोन दिला. कानात थेट आकाश. मी तिथेच खपले.

त्याच दिवशी नियमही सांगितला. "बाय, आपल्यासाठी नसलेलं कानावर पडलं तर पोटात ठेवायचं. कोणाला सांगायचं नाय. लायसन्सचाच नियम हाय तो."

"मग तुम्ही लिहिता कशाला?"

काका गडबडले. "ते आपलं... असंच. मला वाचायला."

नियम मला पाठ होता. कळला मात्र लीलामावशींमुळे.

मावशी मच्छीमार नगरातून आमच्या चाळीत मासे विकायला येतात. त्यांचा मुलगा बोटीवर जातो. एका दुपारी काका आंघोळीला गेले होते, मी रिसिव्हर लावला. पायलट सांगत होता, मच्छीमार बोट बुडतेय, पाण्यात माणसं आहेत.

मी धडाधड जिने उतरले. "मावशी, बोट बुडाली! हेलिकॉप्टर गेलंय!"

मावशींनी हातातली सुरमई टाकली आणि टोपली तिथेच सोडून धावत सुटल्या.

काका ओल्या अंगाने बाहेर आले, दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तो सराव होता. सरावाच्या सुरुवातीला तसं स्पष्ट सांगतात. मी ऐकायला लागले मधूनच.

टॉवेलवर शर्ट चढवून काका रस्त्यावर, मागे मी. मावशी बस स्टॉपवर सापडल्या, रडत फोन लावत होत्या. तेवढ्यात तिकडून मुलाने उचलला. तो त्या दिवशी समुद्रावर गेलाच नव्हता.

मावशींनी डोळे पुसले, मला बघितलं आणि सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुझ्या रेडिओला सांग, माझा पोरगा घरात घोरतोय! आणि सुरमई मांजरीने नेली असंल तर तुलाच टोपलीत घालीन तिच्या जागी!"

सगळे हसले. मी नाही. मावशी पुन्हा मुलाला फोन लावत होत्या.

काकांनी घरी येऊन रिसिव्हर बंद केला. आठवडाभर लावलाच नाही.

पुढे त्यांनीच मागे लागून मला हॅमची परीक्षा द्यायला लावली. पास झाले.

काका गेल्यावर वह्यांची गोष्ट कशी कोण जाणे बाहेर पसरली. लष्करी विमानांवर व्हिडिओ बनवणाऱ्या एका मुलाचा मेसेज आला, "ताई, फोटो टाक ना प्लीज. गोल्ड आहे हे. काकांचं नाव होईल."

नाव व्हावं असं मलाही वाटतं. फार वाटतं.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माका ह्यातला काय कळना नाय. तुका काय वाटता ता कर."

म्हणून सगळ्या वह्या वाचायला बसले. खूप हसले. मग एका वहीत माझ्या पदवीच्या निकालाचा दिवस आला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी ग्रॅज्युएट नाही. त्या पानावर एवढंच होतं:

"आज काही ऐकलं नाही. पोरगी पास. पेढे."

ते पान तेवढं फाडून ठेवावं म्हणून हात गेला. मागच्या बाजूला फ्रिक्वेन्सी होत्या.

काका, हॅम मंडळी निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. तुम्हाला सेव्हन्टी थ्री. रेडिओच्या बँडवर तुमची जागा रिकामी आहे आणि मी रोज तिथे येते.

आणि ज्यांनी फोटो मागितले त्यांच्यासाठी: वह्या आता नाहीत.

रविवारी काकूंनी आणि मी सगळी पानं फाडून बादलीत भिजत घातली. ते पानसुद्धा. लगदा चिकटावा म्हणून काकूंनी त्यात मेथी वाटून घातली, आणि आम्ही दोघींनी मिळून काकूंचं धान्य पाखडायचं जुनं सूप लिंपून काढलं.

गच्चीवर वाळतंय.