डबीतले चिंचोके

शरच्चंद्र टिपणीस सरांना टक्केवारीचं वेड होतं. धामणकर नाक्याजवळच्या शाळेत ते गणित शिकवत आणि संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत पोरांकडून वजनं उचलवून घेत. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने आणि मध्ये अंग चोरून उभी असलेली ही पत्र्याची व्यायामशाळा. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद असले की पोरांना उलट चुकल्याचुकल्यासारखं होई. ऑइल, घाम आणि कापसाचा भुगा यांचा तो मिसळलेला वास सरांना पुढे म्हातारपणीही मध्येच कुठूनतरी येई, आणि आला की बरं वाटे.

पंच्याऐंशी साली सर पंजाबातल्या एका शिबिराला जाऊन आले ते एक तक्ता घेऊनच. उचलणाऱ्याला एका वेळी जास्तीत जास्त किती वजन पेलतं ते काढायचं. मग सोमवारी त्याच्या सत्तर टक्के, बुधवारी ऐंशी, शनिवारी नव्वद. सरांनी तो तक्ता सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवला आणि भिंतीवर ठोकला. एकशे साठचे नव्वद टक्के एकशे चव्वेचाळीस होतात आणि चकत्या लावून दांडा एकशे पंचेचाळीसचाच होतो, या एका किलोचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

केसरीनाथ म्हात्रे कोन गावाहून सायकलवर यायचा. दिवसभर दापोड्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कापडाच्या गाठी पाठीवर वाहायच्या आणि संध्याकाळी खांद्यावर दांडा घेऊन बसून उठायचं, असा त्याचा दिनक्रम. एकोणनव्वदच्या मे महिन्यात रेल्वेची खेळाडूंसाठी भरती होती. वयाच्या अटीत बसण्याचं ते त्याचं शेवटचं वर्ष. घरी आई हौसा आणि धाकटी दोन भावंडं. ही नोकरी मिळाली तर गाठी सुटणार होत्या, नाहीतर जन्मभर त्याच पाठीवर बसणार होत्या.

सर रोज विचारत, "कसं गेलं?"

"हलकं हाय, सर."

रोज तेच उत्तर. सर खूश, तक्ता खूश. मार्चमधल्या एका शनिवारी एकशे पंचेचाळीस खाली घेऊन बसलेला केसरीनाथ वर आलाच नाही. पोरांनी धावून दांडा उचलला, पण कमरेत लचक भरली ती भरलीच. त्या दिवशी त्याने दोन ट्रक एकट्याने खाली केले होते, हे सरांना नंतर कळलं. तक्त्याला गाठी ठाऊक नव्हत्या, आणि सरांनी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर कोनला गेले. केसरीनाथ आत पालथा पडला होता. हौसा ओटीवर चिंच फोडत बसली होती, शेजारी चिंचोक्यांचा ढीग.

"तो मला हलकं म्हणाला होता," सर म्हणाले. आपण तक्रार करतोय हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि ते ओशाळले.

हौसाचे हात थांबले नाहीत. "जड हाय असा तुमच्या तोंडावर बोलंल काय तो? बापाला कवा बोलला न्हाय. तुमी तर सर."

सरांना फार लागलं ते. चार वर्षं ते पोराला प्रश्न विचारत होते आणि सरांचा मान राखायचा म्हणून त्याला खरं उत्तर देताच येत नव्हतं. निघताना त्यांनी मूठभर चिंचोके मागून खिशात टाकले. हौसाने मास्तरकडे जरा विचित्रच नजरेने पाहिलं.

आठ दिवसांनी केसरीनाथ आला तेव्हा दांड्याजवळ पत्र्याची एक डबी होती. "पाच वेळा उठून झालं की विचार कर, अजून किती वेळा उठता आलं असतं. तितके चिंचोके डबीत टाक. मी पाठ करून उभा राहतो. तोंडाने काही सांगायचं नाही," सर म्हणाले.

पोरं हसली. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लूमच्या खडखडाटात चिंचोका पडलेला ऐकूही येत नव्हता. मग वळून डबी बघायची. दोन असले तर वजन बरोबर. चार असले तर चकती वाढवायची. एकही नसला तर उतरवायची, कारण विचारायचं नाही. तक्ता सरांनी भिंतीवरून काढला नाही, पण शेवटचा शब्द डबीचा राहिला.

भरतीच्या आदल्या शनिवारी तक्त्यात नव्वद टक्के होते. डबी सत्तर टक्क्यांनाच रिकामी निघाली. जिवावर येऊन त्यांनी चकत्या काढल्या आणि म्हणाले, "आठवडाभर इकडे फिरकायचं नाही. झोप." तो आठवडा सरांनाच झोप लागली नाही.

केसरीनाथने भरतीला एकशे सत्तर उचलले. रेल्वेत लागल्यावर तो पेढे घेऊन आला तो आधी डबीसमोर एक पेढा ठेवून मगच सरांच्या पाया पडला.

सत्त्याण्णव साल उजाडलं. सर निवृत्त झाले होते, तरी सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळा तेच उघडत, तेच झाडत, चकत्याही तेच लावत. दोनदा चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी बजावलं, बायको सुनीतीने अबोला धरून पाहिला, पण कोणी विचारलं की सर म्हणत, "मला काय धाड भरलीय?" शेवटी सुनीतीबाईंनी कल्याणला केसरीनाथकडे निरोप धाडला.

तो शुक्रवारी आला. दोन्हीकडचे लूम बंद होते. सर बाकावर बसून दांड्याला तेल लावत होते.

"सर, जमतंय ना?"

"अगदी मजेत. बस."

केसरीनाथ बसला नाही. त्याने फळीवरची जुनी डबी काढली, बरोबर आणलेली चिंचोक्यांची पुडी सोडून सरांच्या मांडीवर ठेवली, डबी बाकावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गल्लीत सगळं शांत होतं. एक चिंचोका पडला असता तरी दोघांना ऐकू आला असता. केसरीनाथने वाट बघितली, पण डबी वाजली नाही. मग, मागे न वळताच, त्याने समोरच्या खिळ्यावरची व्यायामशाळेची किल्ली काढून खिशात टाकली.