पॅरिसचा मुराळी

अन्याय झाला तो आमच्या संघटनेची पत्रकं वाटणाऱ्या काकूंवर आणि त्यांच्या लेकीवर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी लेक वॉर्सात एकटी बाळंत झाली. तिचा सख्खा भाऊ पॅरिसमध्ये होता.

काकूंना तुम्हीही पाहिलं असेल. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत महिला हक्कांची पत्रकं घेऊन फिरायच्या. वॉचमनने अडवलं तर त्याच्याच हातात एक द्यायच्या, "धर, बायकोला वाचून दाखव." आम्ही पोरी एखादी गल्ली टाळायला लागलो की म्हणायच्या, "लांब नाय गं, वाकडं हाय. वाट वाकडी करायला जिवावर येतं माणसाच्या."

सातव्या महिन्यात जावई लेकीला सोडून गेला. काकूंनी व्हिसा मागितला, तो नाकारला गेला. मग म्हणाल्या, मुराळी धाडते. त्या कळवणच्या. बाळंतपणाला लेकीला आणायला भावानंच जायचं, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

मुलगा फोनवर हसला. "आई, पॅरिस ते वॉर्सा म्हणजे काय सिन्नर वाटलं का तुला?"

काकू माझ्याकडे आल्या. "बघ गं, किती हाय."

मी मोबाइलवर पाहिलं. साडेतेराशे किलोमीटर. विमानाने सव्वादोन तास.

"सव्वादोन? अगं, कळवणची एसटी तेवढाच वेळ खाते!" आम्ही सगळ्या हसलो. काकू तर डोळे पुसेपर्यंत.

मग रोज फोन. "निघालास का रे?"

"बघतो, आई. या वीकेंडला."

पुढे डॉक्टरांनी लेकीला विमानप्रवास बंद केला. काकूंनीही मागणी कमी केली. "आणू नको बाबा तिला. नुसता जाऊन बस जवळ."

आम्ही काय करणार? मोर्चा काढायला आमच्याकडे माणसं आहेत. पण एका भावाला विमानात बसवायचं कलम कुठल्या कायद्यात आहे? घोषणा द्यायच्या तर कोणाच्या दारात?

त्या सोमवारी शेजारच्या पोलिश बाईने लेकीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मुलाने काकूंना फोटो पाठवला. बहिणीच्या खाटेशेजारी भलामोठा गुच्छ, त्याने पॅरिसमध्ये बसून मागवलेला.

काकूंनी तो माझ्यापुढे धरला. "फुलं पोचली," त्या म्हणाल्या. "म्हंजे रस्ता चालू हाय."

त्यानंतर त्या पत्रकं न्यायला आल्याच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. मुलाचा फोन वाजत होता, त्या उचलत नव्हत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या कागदात नवरा हाय, सासू हाय, पोलीस हाय. भावाला काय लिव्हलंय गं?"

काहीच नव्हतं. म्हणून आज हे पत्रक लिहितेय. वाचणाऱ्या भावा, तुझी बहीण किती तासांवर आहे ते मला सांगू नकोस. तिला फुलंही पाठवू नकोस. ऊठ आणि नीघ.