अंझिरतबुवी उठेपर्यंत

आमच्या मोहल्ल्यातल्या सलोमतआपाला लग्नात दोयरा न वाजवण्याचे पैसे मिळतात. आमच्या मर्गिलान शहरात दोयरा न वाजवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच, पण त्यासाठी गाडी पाठवून बोलावणं येतं ते फक्त तिला. ती येते, अतलस रेशमाचा झगा सावरून गादीवर बसते, तो भला मोठा डफ मांडीवर उभा धरते आणि बोटं कातड्यापासून जवभर लांब ठेवून हलवत राहते. आवाज शेजारच्या काळ्या पेटीतून येतो. बायका म्हणतात, आपाच्या हातात काय जादू आहे!

मी हुरीनिसो. लग्नघरी दस्तरखानावर जेवण मांडायचं काम माझं. कुठली बशी कुणापुढे जाईल, कालचा नान कुठल्या पाहुणीला चालतो आणि कुठलीला झोंबतो, हे मला विचारल्याशिवाय ठरत नाही. तीस वर्षं मी गाणारणींच्या पाठीमागे चहा ओततेय, त्यामुळे पाहुण्यांना समोरून दिसत नाही ते मला मागून दिसतं. दिसलेलं माझ्या पोटात राहत नाही, असं माझी सून म्हणते. ती खोटं बोलत नाही.

सलोमत पाळणे बनवणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा तिच्या पेटीत रजयांच्या खाली दोयरा होता. तिच्या सासूनं, अंझिरतबुवीनं, तो दोन बोटांनी उचलून सगळ्या गल्लीला दाखवला. लोकांच्या सुनांच्या पेटीतून रेशीम निघतं, म्हणाली, आमच्या सुनेच्या पेटीतून कातडं निघालं. वर्षभर तो स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होता. मग एका लग्नात वाजवणारी बाई आजारी पडली, आणि सासूनंच तो खाली काढून सुनेच्या हातात दिला. "जा, नाहीतर उंदीर खातील त्याला." पुढची सगळी वर्षं सलोमत लग्नाला निघाली की दोयरा तंदूरच्या धगीवर शेकून तयार ठेवायचं काम म्हातारीच करायची. कातडं गार असलं की आवाज बसतो हे तिला सुनेइतकंच कळायला लागलं होतं, पण कौतुकाचा शब्द म्हणून तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

दोन गल्ल्या सोडून राहणारी झेबिनिसो दुतार वाजवायची आणि गायची. दोघींची जोडी जमली ती जमलीच. एक गळा, दोन तारा, एक कातडं. यांच्याशिवाय आमच्याकडे नवरीचा सलाम होत नसे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या अंगणात बायका जमतात, नवरी बुरख्याआड उंबऱ्याशी उभी राहते, आणि गाणारीण एकेका नातलगाचं नाव गुंफून, त्याची थोडी टर उडवून कडवं म्हणते. नवरी वाकून सलाम करते, आणि तो नातलग उठून तिला भेट देतो. आता म्हाताऱ्या आत्या-माम्या काही हाकेसरशी उठत नाहीत. एकीची काठी सापडत नाही, दुसरीनं भेटीचं कापड कुठल्या पिशवीत ठेवलं ते तिला आठवत नाही. तेवढा वेळ सलोमतची बोटं कातड्यावर नुसती थरथरत राहायची. म्हातारी पुरती उभी राहिली की एक थाप, आणि त्या थापेवर झेबिनिसो पुढचं कडवं उचलायची. तिला मान वळवून बघावं लागत नसे. कितीही वेळ लागो, उठणाऱ्या बाईला आपण उशीर केला असं सलोमतनं कधी वाटू दिलं नाही.

मग झेबिनिसोकडे ताश्कंदहून सून आली, शाहलो. संगीताच्या शाळेत शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. कानामागून आली आणि तिखट झाली. तेव्हा लग्नं मोठमोठ्या हॉलमध्ये व्हायला लागली होती आणि कपाटाएवढे स्पीकर लावून पुरुष गायचे. वरमाया जोडीला बोलवायला यायच्या त्या आधी विचारायच्या, आवाज किती येतो? ट्रॅक्टर घ्यायला आल्यासारखं. शाहलोनं पेटी आणली. त्यात होतं ‘मायनस’, म्हणजे गाणारणीचा गळा वजा करून उरलेलं सगळं. बारा दोयरे, व्हायोलिनं, आणि शिवाय टाळ्यासुद्धा. त्या टाळ्या इतक्या एकसारख्या पडायच्या की आमच्या बायकांनी स्वतः टाळ्या वाजवायचं सोडून दिलं. हात मोकळे झाल्यामुळे त्या हलवा जास्त खायला लागल्या, हा त्रास मात्र मला.

सलोमतनं पेटीबरोबर वाजवून पाहिलं. एखादी म्हातारी उठायला लागली की ही थांबायची आणि पेटी पुढे निघून जायची. शाहलो तिला अगदी अदबीनं म्हणाली, "आपा, तुम्ही मागे पडता."

"मी मागे पडत नाही, मी थांबते."

"तेच ते, आपा."

तेव्हापासून बोटं जवभर लांब राहायला लागली. दोयरा काढून टाकावा असं कुणी म्हटलं नाही, कारण लोकांना तो बघायला आवडतो. पुढच्या वर्षी झेबिनिसोचा गळा गेला. वरचे सूर लागेनात. डॉक्टरनं काय सांगितलं ते तिनं फक्त सलोमतला सांगितलं, आणि मला कळलं ते ती चहाऐवजी गरम दुधाचे पियाले मागायला लागली त्यावरून. उरलासुरला आवाज शाहलोनं अंड्यांचे पुठ्ठे लावलेल्या एका खोलीत बसून भरून घेतला आणि तोही पेटीत घातला. आता दोघीजणी लग्नात नुसत्या बसायच्या, एक ओठ हलवायची, एक बोटं हलवायची, आणि त्यांना इतकी वाहवा आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

सलोमतनं हे सगळं हसत सोसलं. दुपारी हात दुखत नाहीत, म्हणायची. मग तिच्या धाकट्या मुलाचं, मुझफ्फरचं, लग्न ठरलं.

अंझिरतबुवी तेव्हा एकोणनव्वद वर्षांची होती आणि तिचे गुडघे गेलेले होते. पण त्या घरात नवरीचा सलाम बसून घेत नाहीत. म्हातारीनं जाहीर करून टाकलं की नातसुनेचा सलाम ती उभ्यानं घेणार, कुणाच्या हाताला धरणार नाही, आणि त्यानंतर अल्लानं न्यावं. महिनाभर ती द्राक्षवेलीखालच्या बाजेवरून रोज काठी टेकून उठायची तालीम करत होती. बुड सुटल्यापासून पाठ सरळ होईपर्यंत माझे अकरा पियाले चहा ओतून व्हायचे. मी मोजले आहेत.

सलोमत झेबिनिसोकडे गेली. मीही बरोबर होते, जर्दाळू निवडायच्या निमित्तानं. माझ्या अंगणात पेटी नको, एवढंच तिचं मागणं होतं.

झेबिनिसो दुताराची खुंटी पिळत बसली. मग म्हणाली, "पेटीशिवाय माझा गळा वर जात नाही, सलोमत. तुझ्या सगळ्या गोतावळ्यासमोर मी तोंडावर पडू का?"

"खाली गा."

"खालचं ऐकायला कोण येतं?"

मला दोघींचा राग आला आणि दोघींची कीवही आली. दोघींचं खरं होतं. शाहलोनं मध्ये पडून समजूत घातली, की सगळी नावं ती नवी भरून देईल, आणि आजीच्या कडव्यानंतर हवी तेवढी जागाही रिकामी सोडेल. आजींना उठायला किती सेकंद लागतात, तेवढं सांगा. गुडघ्यांना विचारून सांगते, सलोमत म्हणाली. शाहलोनं चार सेकंद धरले.

सलामाची सकाळ उजाडली. आपल्याच मुलाच्या सलामाला वरमाई वाजवत नाही, म्हणून सलोमत सासूशेजारी पाहुण्यांत बसली होती आणि दोयरा स्वयंपाकघरात खिळ्याला होता. नवरी दिलाफ्रुज बुरख्याआड उंबऱ्याशी उभी. झेबिनिसो दुतार घेऊन ओठ हलवायला सज्ज. शाहलो एका हातानं पेटी सांभाळत होती, दुसऱ्या हातानं फोनवर चित्रण करत होती. सासऱ्याचं कडवं झालं, मोठ्या जावेचं झालं, नावं बरोबर निघाली. मग आजीचं आलं. म्हातारी काठी रोवून उठायला लागली.

आणि पेटी टिपेच्या सुरात गायला लागली की सोन्याच्या दातांची, सात गोदामांची मालकीण रोबियाबुवी, तिला नवरीचा सलाम.

रोबियाबुवी म्हणजे खालच्या बाजारातल्या रेशीमवाल्याची आई. मूळ गाणं झेबिनिसोचा गळा शाबूत असताना त्यांच्या घरच्या लग्नात भरलेलं होतं. आजीचं कडवं सगळ्यात वरच्या सुरात, ते झेबिनिसोला नव्यानं गाता आलं नाही, म्हणून तिनं आणि शाहलोनं जुनंच राहू दिलं. नाहीतरी शब्द कोण ऐकतं! हिशेब तसा बरोबर होता, कारण अर्ध्या बायकांना काहीच कळलं नाही. नवरी वळणाची पोर, तिनं न बघितलेल्या रोबियाबुवीला तीनदा वाकून सलाम केला. चार सेकंद संपले आणि पेटी मामाच्या कडव्यात शिरली. अंझिरतबुवी अर्धी उठलेली, तशीच काठीवर लोंबकळत राहिली. तिला ना बसता येत होतं, ना उभं राहता येत होतं. तिनं सुनेकडे बघून विचारलं, "माझं नाव झालं का गं? की माझी पाळी गेली?"

सलोमतनं माझ्याकडे पाहिलं. पेटीची वायर माझ्या चहाच्या समोवारामागून गेली होती. मी ती उपटली. दोयरा-दुतार काही मला येत नाही. सबंध आयुष्यात मी वाजवलेलं वाद्य म्हणाल तर ते एवढंच.

अंगण एकदम पोकळ झालं. वरमाई उठली, आत गेली, खिळ्यावरून दोयरा काढून आणला आणि सासूसमोर जमिनीवर बसली. कातडं गार होतं, आवाज बसका आला. बोटं थरथरायला लागली आणि थरथरत राहिली. म्हातारीनं काठीवरची मूठ बदलली, एक गुडघा सरळ केला, दम खाल्ला, मग दुसरा. मी सवयीनं चहा ओतत होते. अकरा नाही, तेरा पियाले झाले. शेवटी पाठ सरळ झाली आणि सलोमतची थाप पडली.

त्या थापेवर झेबिनिसोला तोंड उघडावंच लागलं. तीस वर्षांची सवय, गळा नको म्हणाला तरी थांबणार कशी? खालच्या, फाटक्या आवाजात ती गायली, की सुनेच्या कातड्याला नाव ठेवणारी आणि ते धगीवर शेकून देणारी अंझिरतबुवी, तिला नवरीचा सलाम. दिलाफ्रुज वाकली. मी रुमालाआड रडले, आणि लाजले नाही.

म्हातारीनं नातसुनेच्या खांद्यावर शाल टाकली आणि मग खाली सुनेकडे बघितलं. "किती बडवतेस? मी कधीची उठलेय."

बायकांनी डोळे पुसले. मग हात धुताना त्यातल्या दोघी मला म्हणाल्या, छान झालं हो, पण आवाज जरा कमी आला, नाही?

शाहलोनं मात्र सगळं फोनमध्ये टिपलं होतं. तिनं ते ताश्कंदला नेऊन धुऊनपुसून आणलं, झेबिनिसोचा फाटका आवाज काढून रेशीमवाल्याच्या लग्नातला जुना तरुण आवाज वर बसवला, नाव काढून तिथं नुसतं ‘आजीबाई’ भरलं, आणि पेटीवर लेबल लावलं: जुन्या वळणाचं, अस्सल जिवंत वादन. आता सगळ्यांना तेच हवं असतं. बारा दोयरे गेले, पेटीत एकटी सलोमत वाजते, आणि पेटीशेजारी सलोमत बोटं जवभर लांब धरून बसते. स्वतःच्याच हातानं स्वतःची जागा घालवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आजीच्या कडव्यापाशी ती लांबलचक थरथर जशीच्या तशी राहिली. अंझिरतबुवी त्याच शरदात गेली. ज्या घरांत आजी नाही, किंवा आहे ती टुणकन उठणारी आहे, तिथं त्या वेळात काय करायचं हा प्रश्न पडला. बायकांनी लगेच उत्तर काढलं, की हा फार प्राचीन रिवाज आहे, पूर्वजांना सलाम करायचा असतो. आता त्या वेळात नवरी रिकाम्या गादीला वाकते. परवा एका घरी गादीवर नान आणि खडीसाखरही ठेवली होती, आणि ती ताटं मलाच मांडायला लावली.

माझं डोकं फिरलं. परतताना गाडीत मी सलोमतला म्हटलं, "सांगून का टाकत नाहीस? हा रिवाज-बिवाज काही नाही, तुझ्या सासूचे गुडघे आहेत हे. आणि येतेस तरी कशाला? घरी बस की सुखानं."

ती मांडीवरच्या दोयऱ्याच्या आतल्या लोखंडी कड्या मुठीत धरून बसली होती, रस्त्याच्या खड्ड्यांनी वाजू नयेत म्हणून.

"घरी आता कोण उठायचंय, हुरी? इथं निदान प्रत्येक लग्नात एकदा उठतात सासूबाई."