गिटारच्या मानेवरचं गाव

कुठल्याही लग्नकार्याला गेलो की कोणीतरी विचारतंच, "अजून गिटार शिकताय? मग एखादं गाणं होऊन जाऊ दे की!" गाणं टाळायचं म्हणून मी एक किस्सा सांगतो. बिबवेवाडीतल्या आमच्या क्लासमध्ये दोन वर्षांत गाणी जमली दोन, आणि किस्से पोतंभर!

आमच्या लिमये सरांचा नियम एकच. गिटारच्या मानेवरचे, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीवरचे, सगळे सूर पाठ झाल्याशिवाय गाणं नाही! क्लास तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सर दारातच गिटार घेऊन उभे. एका जागेवर बोट ठेवून विचारणार, "हा कोणता?" चुकलात की तळमजल्यापर्यंत उतरायचं आणि परत चढून यायचं.

पहिल्या रविवारी मी चार वेळा चढलो. पाचव्यांदा धापा टाकत म्हटलं, "सर, मी गिटार शिकायला आलोय, सिंहगड चढायला नाही!"

"सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते. इथे तेही नाही. खाली."

*

मग मी शक्कल लढवली. बायकोचं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि टिकल्या मानेवर चिकटवल्या. लाल म्हणजे A हा सूर, हिरवी म्हणजे B, असं करत G पर्यंत. फार खुशीत होतो.

सरांनी गिटार हातात घेतली, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "ओटी कधी भरायची?"

*

आमच्यात एक जोशीकाका होते. सगळी नोकरी ऑडिटमध्ये. त्यांना एक गोष्ट खटकायची. बाकीच्या सुरांमध्ये मानेवरच्या दोन पट्ट्यांमधला एकेक कप्पा मोकळा, मग E आणि F शेजारी-शेजारी कसे? B आणि C सुद्धा तसेच! मधला सूर गेला कुठे?

त्यांनी फूलस्केपवर रीतसर लेखी हरकत घेतली. सरांनी कागद वाचला आणि खाली शेरा मारून परत दिला : "पाहिले. मधे काही नाही. शोधू नये."

*

पण या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं बाळासाहेबांनी. हे हडपसरच्या बाजूचे, शेतकरी घरातले. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर हाताशी वेळच वेळ, म्हणून नवरा-बायको दोघंही गिटार शिकायला यायचे. सुमनकाकूंची मान चार आठवड्यांत पाठ झाली आणि त्या आतल्या खोलीत, गाण्याच्या बॅचला गेल्या. बाळासाहेब बाहेरच. आतून बायकोची गिटार ऐकू आली की त्यांचा चेहरा पडायचा. "कवा एकदा तिच्याशेजारी बसतोय असं झालंय," ते मला म्हणायचे.

शेवटी त्यांनी मानेवर आपलं जुनं गावच वसवलं. प्रत्येक तार म्हणजे एक आळी. A म्हणजे आबनावे, B बनकर, C चव्हाण, E एकनाथ शिंपी, F फकीरभाई, G गायकवाड. मधले सूर म्हणजे दोन घरांमधला बोळ.

"आणि E-F मधे बोळ का नाही?" मी विचारलं.

"एकनाथ आन् फकीरभाईची भिंत एकच हाय की! बोळ कुठनं येणार? बनकर-चव्हाणांचं बी तसंच."

त्या दिवसापासून जोशीकाका सुखाने झोपू लागले.

*

सगळं झालं, पण D आला की बाळासाहेब गप्प. सर बोट ठेवायचे, हे जमिनीकडे बघायचे आणि मुकाट्याने जिना उतरायचे. गुडघे दुखत असताना! सहा रविवार हेच.

एकदा सुमनकाकू मला जिन्यात म्हणाल्या, "त्यांना येतंय वो सगळं. D म्हंजी दळवी. माझं म्हायेर. बांधावरनं माझ्या दादाशी वाजलं, तवापास्नं नाव घेत न्हाईत. भाऊबीजेला मी एकलीच जाती."

*

सातव्या रविवारी सरांनी बाळासाहेबांची पूर्ण मान तपासायला घेतली. बाळासाहेब धडाधड सांगत सुटले. आबनावे, बोळ, बनकर, चव्हाण! आतल्या खोलीतली गिटार थांबली. सुमनकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी पाचव्या तारेवर, पाचव्या कप्प्यात बोट ठेवलं. D.

बाळासाहेबांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. जोशीकाकासुद्धा!

"दळवी," ते म्हणाले.

सरांनी तारेवरचं बोट उचललं. "बरोबर. पास. जा, आत बसा."

"आतलं ऱ्हाऊ द्या सर आज." ते उठले आणि बायकोला म्हणाले, "चल, घाल चपला. दादाकडं जाऊन येऊ."

सुमनकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "अशा रिकाम्या हाती?"

"रिकाम्या कशापायी? गिटार हाय की."

"तुम्हाला कुठं वाजवता येतंय?"

"तू वाजव. मी घरं सांगतो."