काफुईने साफ केलेली नक्षी

माझा भाचा काफुई काय काम करतो असं आमच्या क्पेतोए गावात कोणी विचारलं, की मी आधी सांगायचे, कॉम्प्युटरवर बसतो. विणकरांच्या गावात तेवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. मग मी वैतागून सगळं सांगायचे. अहो, चौकोनी ठोकळ्यांचा एक खेळ असतो. त्यात लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, ते चौकोनी घरं आखलेल्या पाटावर मांडायचे, की त्याची कुऱ्हाड होते, भट्टी होते. काय मांडल्यावर काय तयार व्हावं, त्याला म्हणतात कृती. या कृती ज्याला त्याला हव्या तशा बदलता याव्यात म्हणून काफुईने एक अवजार लिहिलंय, त्याचं नाव ‘माग’. जगभरातले लोक ते फुकट वापरतात. एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणायचा, “म्हणजे खेळतोच ना?”

माझा भाऊ कोमला तर हेही विचारत नसे. आमच्याकडे अरुंद पट्ट्या विणून त्या जोडून कापड करतात; कोमलादादासारखी पट्टी विणणारा आमच्या भागात दुसरा नव्हता, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, सूत विकणारी म्हणून सांगते. काफुई नऊ वर्षांचा असताना त्याने विणलेली पहिली पट्टी वाकडी आली. दादाने सगळ्या विणकरांसमोर ती ब्लेडने कापली आणि म्हणाला, “हे हात माझ्या घरातले नाहीत.” पोरगा त्यानंतर मागावर बसला नाही. ‘हो’ नावाच्या शहरात जाऊन शिकला, लॅपटॉप घेऊन परत आला, आणि बापलेक एका अंगणात राहून एकमेकांशी जेवणापुरतं बोलत राहिले. मला दोघांचाही राग यायचा, पण माझं ऐकतंय कोण.

आमच्याकडे मोठ्या विणकराची एक नक्षी फक्त त्याची असते. तो ती विकत नाही, कोणाला दाखवत नाही. मेल्यावर त्याला त्याच कापडात गुंडाळून मातीत ठेवतात आणि जाण्याआधी त्याने ती घरातल्या एकाला द्यायची असते. दादाने ती नक्षी आयुष्यात एकदाच विणली होती, वहिनी गेली तेव्हा. ते कापड तिच्याबरोबर गेलं. फोटोसुद्धा काढू दिला नव्हता. दादाला मरणाचं भय नव्हतं. परक्या नक्षीत जायचं, याचं मात्र होतं.

आणि मग झटका येऊन त्याची उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली तरी शाबूत होती, पण हात गेला. त्याचा शागीर्द डोत्से पायाशी बसून म्हणाला, “मालक, मला सांगा, मी विणतो.” दादा म्हणाला, “तू विणशील. पण सांगायचं घरातल्यालाच.” घरातला म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. काफुई भिंतीला टेकून उभा होता.

“तुझ्या त्या यंत्रात घरं असतात ना?” दादाने विचारलं.

“असतात. नऊ बाय नऊ घरांचा पाट करता येतो.”

“मग भर. बाहेर जाता कामा नये.”

दोन महिने रोज सकाळी आंब्याखाली ते बसत. दादा डोळे मिटून सांगायचा, “तीन निळे. एक पिवळा. दोन रिकामे.” काफुई रिकाम्या घरांसकट सगळी घरं भरायचा. एक पाट भरला की दुसरा. एकदा दादा म्हणाला, “लिहितोस बरा. विणला असतास तर पुन्हा कापावं लागलं असतं,” आणि दोघं हसले. मी सुताचं गाठोडं घेऊन दारात आले होते, तिथेच थांबले. तीस वर्षांत मी त्यांना एकत्र हसताना पाहिलं नव्हतं.

दादाच्या बाकीच्या नक्ष्याही काफुईने अशाच कृती करून घेतल्या आणि दादाच्या परवानगीने जगाला वाटल्या. परदेशातली पोरं खेळात त्यांची कापडं करायला लागली. ही एकच नक्षी त्याच्या लॅपटॉपवर राहिली, दुसरीकडे कुठेच नाही. बापाचा शब्द म्हणजे शब्द.

त्याच सुमारास लोक तक्रार करायला लागले की ‘माग’ फार जड झालाय, कृती वाढल्यात, खेळ अडकतो. म्हणून काफुईने सफाईची सोय लिहिली. त्या खेळाचा कायदा असा की वस्तू पाटाच्या डाव्या कोपऱ्यात मांडा नाहीतर उजव्या, कृती तीच. आरशात दिसावी तशी उलटी मांडली तरी तीच. मग दोनदा कशाला ठेवायची? सफाई अशा जोड्यांतली एक ठेवून दुसरी काढून टाकायची आणि कडेची रिकामी घरंही छाटायची. खेळासाठी हे अगदी बरोबर होतं, चूक काढायला जागा नव्हती. आणि ही मंडळी नवीन काही केलं की आधी स्वतःच्याच सामानावर चालवून बघतात. काफुईने तेच केलं. यंत्र हलकं झालं, तो खूश झाला, ज्याला त्याला सांगत सुटला.

पण दादाची नक्षी मध्यापर्यंत जायची, वळायची आणि उलटी परत यायची, फरक फक्त कडेच्या रिकाम्या घरांचा. आणि दादाने सांगितलेलं रिकामं घर म्हणजे काही नसणं नव्हे. तिथे साधी वीण यायची. ती किती, यावरच पुढचं सगळं अवलंबून. सफाईने परतीचे पाटही उडवले आणि ही घरंही.

हे कळलं तेव्हा दादाला दुसरा झटका येऊन वाचा गेली होती. डोत्सेने मागावर ताण्याचे उभे धागे लावले आणि काफुईला शेजारी बसवलं. तासाभराने डोत्से म्हणाला, “अरे, हे अर्धंच आहे. पुढचं उघड.”

“पुढचं नाहीये.”

“नाही म्हणजे? दोन महिने काय केलंत मग?”

काफुईने पुन्हा पुन्हा शोधलं. बाकीच्या नक्ष्यांच्या जुन्या प्रती त्याला परक्या लोकांकडून एका दिवसात परत मिळाल्या. ही कोणाकडे असणार? मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, आयुष्यात बापाने तुला एकच गोष्ट दिली, तीही तू झाडून टाकलीस. तो म्हणाला, “आत्या, मी नीटनेटकं करत होतो गं.” मला आजही ते बोलणं गिळता येत नाही.

मग आठवून आठवून सुरू झालं. काफुईने पाट मांडायचा, डोत्सेने वीतभर विणायचं, मी ती पट्टी दादाच्या खाटेपाशी न्यायची. दादाने डाव्या हाताचं बोट आडवं हलवलं की चूक. वहिनीच्या कापडासाठी मी दुकानातून दादाला किती निळं, किती पिवळं सूत दिलं होतं ते माझ्या ध्यानात होतं, पण क्रम मला कोण सांगणार? आमच्या लहानपणी मुलींना मागाजवळ फिरकूही देत नसत. सात पट्ट्या झाल्या, अकरा झाल्या. प्रत्येक वेळी बोट आडवं. दादाचे डोळे आत गेले, पेजसुद्धा घशाखाली उतरेना. रोज आशेने बघायचं आणि रोज नाही म्हणायचं, यानेच तो संपत चालला होता.

चौदावी पट्टी काफुईने स्वतः नेली. खाटेशी गुडघे टेकून समोर धरली. दादाने बोट हलवलं नाही. हळूच मान खाली केली, हो म्हणून.

डोत्से बाहेर धावला. गल्लीत ओरड झाली, बायका गोळा झाल्या. काफुई मला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

“आत्या, तू बघत होतीस. बाबांनी पट्टीकडे बघितलं का?”

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण तोंडातून आलं नाही. “नाही रे. तुझ्याकडे बघत होता.”

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, “डोत्सेला सांग, विणायला घे. मी आता त्यांना आणखी नाही छळणार.”

कापड पुरं झालं आणि चार दिवसांनी दादा गेला. त्याला त्यातच गुंडाळलं. गावचे म्हातारे म्हणाले, पोराने बापाची नक्षी वाचवली, आता रीत बाजूला ठेवून ती सगळ्यांनी शिकावी, कोमलाचं नाव राहील. काफुई नाही म्हणू शकला असता. म्हणाला असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि दादा परक्या कापडात गेला, हे गावाला कळलं असतं.

आता प्रत्येक मागावर ती आहे. शिकाऊ पोरं सगळ्यात आधी तीच उचलतात. परवा मी आणि काफुई बाजारातून येत होतो, तर डोत्सेने हाक मारून थांबवलं, ताजी पट्टी पसरली आणि म्हणाला, “बघ रे, कुठे चुकलं तर नाही ना? तुझ्याशिवाय कोणाला विचारणार?”

काफुईने पट्टी हातात घेतली, टोकापासून टोकापर्यंत बघितली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.