शेवटचा शब्द धरायचा

त्या दरीत सोने होते, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नव्हता. इंग्रजी अमलाच्या काळात आलेल्या खाणकामगारांनी गारगोटीतल्या सोन्याच्या शिरेमागे अख्खा डोंगर पोखरला होता आणि बोगद्यांत पाणी भरू लागल्यावर ते निघून गेले होते. शीर संपली म्हणून नव्हे, पंप हरले म्हणून ते गेले, असे माझे मत होते. दोन हजारच्या दशकात सोन्याचा भाव चढू लागला, तेव्हा आमच्या लहानशा कंपनीलाही ते पटले. शीर पाण्याखाली तशीच उतरत असेल, तर त्या दरीला पुन्हा भवितव्य होते. ते ड्रिलिंग करूनच कळणार होते.

रिग, म्हणजे ड्रिलिंगचे यंत्र, कुठे उभी करायची, हे ठरवणे माझे काम. जुने नकाशे अपुरे होते, म्हणून दरीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी जागेवर नेले. त्याचे आजोबा याच खाणीत राबले होते. खूण केलेल्या सपाटीवर उभे राहून मी विचारले, “इथे खाली जुना बोगदा नाही ना?” प्रश्न इंग्रजीत होता, घडण पुण्याची, मराठी वळणाची होती.

“नाऽ, येऽ,” म्हातारा इथल्या इंग्रजी बोलीत म्हणाला आणि त्याने बुटाने जमीन ठोकली.

‘नाही, हो, बरोबर आहे’ असे मी ऐकले आणि नकाशावर लिहिले : खाली जुने काम नाही.

त्या रविवारी हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या घरी जेवताना मी मुलीला सहज विचारले, “आज पोहायला जाणार नाहीस ना?”

“नाऽ, येऽ,” म्हणत तिने टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, बॅगेत कोंबले.

“अगं, आत्ता नाही म्हणालीस ना?”

“बाबा! दॅट मीन्स येस. लास्ट वर्ड धरायचा. एव्हरीवन नोज दॅट.”

“अहो, बारा वर्षं झाली या देशात येऊन,” बायको हसत म्हणाली. “अर्धं ऐकायचं आणि पूर्ण मान डोलवायची!”

म्हणजे म्हातारा ‘हो’ म्हणाला होता; खाली बोगदा होता. सोमवारी सकाळी त्या सपाटीवर रिग सुरू होणार होती, आणि तिच्यावर दोन माणसे असणार होती. तळावरच्या सॅटेलाइट फोनचा नंबर फ्रिजवर लावलेला होता. मी दोनदा फोनपाशी गेलो आणि दोनदा परतलो. एका मुलीच्या बोलण्यावरून काम थांबवायचे का, उद्या जाऊन म्हाताऱ्यालाच विचारू, अशी मी मनाची समजूत घातली. खरे कारण वेगळे होते. फोन केला असता, तर चूक माझी आहे हे मोठ्याने म्हणावे लागले असते.

सोमवारी उजाडायच्या आत निघालो. घाट उतरलो, दरीत वळलो आणि काच खाली केली. रिगचा आवाज येत होता. तो चालू आहे तोवर सारे ठीक आहे, असे म्हणत मी पुढे जात राहिलो. शेवटच्या ओढ्यापाशी आवाज थांबला.

रिगची एक बाजू जमिनीत खचली होती. ड्रिलर घोटा धरून चिखलात बसला होता. त्याचा जोडीदार त्याचा बूट कापत होता.

“रॉड एकदम हलके झाले, खाली पोकळी,” ड्रिलर म्हणाला. “मी उडी मारली. सॉरी मेट, तुझी जागा वाया गेली.”

त्याने माझी माफी मागितली आणि मी ती मागू दिली. कंपनीच्या साहेबांनी फोनवर विचारले, “म्हाताऱ्याने काय सांगितलं होतं?” मी म्हणालो, “नाही म्हणाला होता.” अहवालात वाक्य आले : स्थानिक माहिती अविश्वसनीय. ते मी वाचले आणि खाली सही केली.

चार दिवस ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसत होते. पाचव्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या ओसरीवर गेलो आणि सरळ विचारले, “त्या दिवशी तू ‘हो’ म्हणाला होतास?”

“येऽ. बूटही आपटला होता. पोकळ वाजलं, ऐकलं नाहीस?”

“मी तुला खोटं पाडलंय. कागदावर.”

त्याने घराचे दार ढकलून उघडले. मग म्हणाला, “फोन आत आहे.”

मी आत गेलो, साहेबांना फोन लावला आणि अहवालातले ते वाक्य चुकीचे आहे, असे सांगितले. साहेब म्हणाले, “पण तू त्याला विचारलं नव्हतंस का?” या वेळी मी हो किंवा नाही म्हटले नाही.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “त्याने बरोबर सांगितलं. मला ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी फोन केला नाही.”