बाप्पाची थरथर

ट्रकची थरथर थांबली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला वाटलं बाप्पा मला सोडून गेला.

पेणच्या कारखान्यांतून गणपती घेऊन रोह्याकडे जाणं हे माझं दर वर्षीचं काम. ट्रक जुना, एरवी विटा वाहणारा. पण मूर्ती चढल्या की त्याचं अंग थरथरू लागे आणि पुढच्या सीटवरच्या मूर्तीच्या तोंडावर टाकलेला रुमाल हलू लागे. आम्ही नवरा-बायको हात जोडायचो. देव बसला की ट्रकला वारं येतं, असं मी मानत आलो आणि चार लोकांना सांगतही आलो.

मात्र गेल्या वर्षी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका काकूंच्या शाडूच्या मूर्तीचं बोट वाटेत तुटलं. भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. काकू नुसत्या रडल्या. ते रडणं वर्षभर माझ्या छातीवर होतं. यंदाही त्यांनी मूर्ती आणायला मलाच सांगितलं, तेव्हा बायकोने मूर्ती मांडीवरच घेतली. मी बैलगाडीच्या चालीने निघालो. पण जितकं जपून हाकावं, तितका ट्रक जास्त कापे.

"बाप्पा रागावलाय काय हो?" बायकोने विचारलं. मी ट्रक आणखी हळू केला.

निडी स्टेशनाजवळ ट्रक बंदच पडला. पुन्हा सुरू केला, तर सगळा हलू लागला. रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलेले एक पांढऱ्या दाढीचे चाचा उठून आले. आखातातल्या गॅरेजात त्यांची उमर गेली होती. बॉनेटवर तळवा ठेवून ते ऐकत राहिले.

"ह्याला थंडी वाजते काय रे?"

"चाचा, बाप्पा बसलाय. वारं येतं," मी म्हणालो.

ते खदखदून हसले. "वारं नाय बाबा, टायमिंग बेल्ट हाय! इंजिनातला पट्टा सैल पडून एक दात सरकलाय. बाप्पासाठी हळू हाकतोस, म्हणून जास्त कापतंय. विटा भरून पळवतोस, तवा कळत नाय."

"बाप्पा शहाणा हाय, चाचा. हेच भोळे," बायको म्हणाली.

मी नागोठण्याहून बेल्ट आणला. चाचांनी बाह्या सरसावल्या आणि खुणेला खूण जुळवून तो बसवला. तेवढ्यात त्यांची गाडी निघून गेली. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मग अर्थातच आमच्यासोबत खिडकीशी बसले.

ट्रक सुरू झाला. भरल्या पोटी मांजर घुरघुरावं तसा एकसारखा, मऊ आवाज. रुमाल मात्र निपचित.

"देव उतरला काय गो?" मी हळूच विचारलं.

पाहतो तर मूर्ती कवेत घेऊन बायको गाढ झोपलेली! इतक्या वर्षांत या वाटेवर तिचा कधी डोळा लागला नव्हता. आणि चाचांनी तेलकट हाताला स्वतःचा धुतलेला रुमाल गुंडाळून मूर्तीच्या पाठीला आधार दिला होता.

"पुढं बघून हाक तू," ते म्हणाले. "मी धरलाय."

वरशाला काकूंनी मूर्तीवरचा रुमाल काढला. बोटं, सोंड, हातातला मोदक, सगळं जागच्या जागी. काकू यंदाही रडल्या, पण हसत हसत, आणि चाचांना म्हणाल्या, "उद्या मोदक खायला यायचं हां!"

इतकी वर्षं मी देवाला थरथरवत नेलं आणि त्यालाच कृपा म्हणालो, याची लाज वाटते. हसूही येतं. आता काळजीने जीव कापू लागला, की मी त्या तेलकट हाताची आठवण काढतो आणि पुढं बघून हाकतो. धरणारा धरून असतो.